झाडाखालचं छप्पर

घाटकोपर,
२ नोव्हेंबर १९५७

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकलं म्हणजे तू पत्र उभ्याउभ्या वाचणार नाहीस, जरा बसून वाचशील.

भाऊबीजेसाठी तू आसामातून पाठवलेली एंडी रेशमाची शाल पोचली. ऑफिसच्या पत्त्यावर आली, शिपायाने सगळ्यांसमोर आणून दिली आणि सगळ्यांनी ती हात लावून पाहिली. मऊ आहे रे फार. घरी मात्र अजून नेली नाही. अण्णा विचारतील कुठून आणली, आणि मला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा ती टेबलाच्या खणात आहे. दुपारी जेवणाच्या सुटीत काढते आणि खांद्यावर घेते. माणिक हसते. म्हणते, "घाटकोपरात नोव्हेंबरात शाल! ताप आलाय का तुला?" माणिक म्हणजे शेजारच्या टेबलावर नवीन आलेली मुलगी. बडबडी आहे, पण हात स्वच्छ आहे तिचा कामात.

वहिनींनी विचारलंय की मी नक्की काय काम करते. आता हे तू त्यांना तुमच्या तिकडच्या भाषेत सांग. सांग की भांडुपच्या डोंगराखालून सरकारला रस्ता काढायचाय. रस्त्यात जी घरं येतील त्यांना पलीकडे जागा मिळणार, आणि जागा किती ते ज्याच्या त्याच्या छपराच्या मापावर ठरणार. जमिनीवर जाऊन मोजायला लागलं तर आदल्या दिवशी पत्रे ठोकून छपरं वाढतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात विमानातून फोटो काढले. त्यात जे छप्पर दिसेल ते धरायचं, नंतरचं नाही. आणि ते फोटोवरून मोजायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं.

नुसती पट्टी लावून भागत नाही हेही सांग. वरून पाहिलं की उतरतं कौलारू छप्पर आहे त्यापेक्षा लहान दिसतं. त्याचा कणा किती उंच आहे ते कळलं तर खरं माप निघतं. त्यासाठी एकाच जागेचे, थोड्या अंतरावरून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि यंत्राच्या दोन भिंगांतून बघायचं. एक डोळा एक फोटो बघतो, दुसरा दुसरा. मग दोन्ही एक होतात आणि अख्खं गाव कागदावरून उठून उभं राहतं. घरं, झाडं, विहिरीचा खड्डा. मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑफिसात नव्हे. तू खिडकीत बसवून, माझ्या नाकावर पोस्टकार्ड उभं धरून दोन चित्रं दाखवली होतीस. मी ओरडले होते, "दादा, डोंगर वर आला!" आणि आई आतून पळत आली होती, की पोरगी पडली का काय.

सध्या मी उंचीचं काम माणिककडे दिलंय आणि तिची लांबी-रुंदीची मापं नि ट्रेसिंग माझ्याकडे घेतलंय. सहजच. तिला शिकायचं होतं.

अण्णांची तब्येत चांगली आहे. संध्याकाळी फिरायला जातात. पांढरे कप फुटले, तीन उरले आहेत. माझ्याच हातून. किटली कपाच्या बाजूला रिकामी करते आणि मग कळतं. धांदरटपणा दुसरं काय.

तुझं नाव घरात अजून निघत नाही. तीन वर्षं झाली तुझ्या लग्नाला, आता निघेल असं मला दर दिवाळीला वाटतं. या दिवाळीला करंज्या करताना तुझ्या वाटच्या वेगळ्या काढल्या. अण्णांनी पाहिल्या. नंतर त्यांनीच खाल्ल्या.

तुझी,
जयू


घाटकोपर,
१२ जानेवारी १९५८

प्रिय दादा,

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, तेव्हा गोड बोलण्याचा शब्द मी दिला आणि तू घेतलास असं समज.

आज तुला कामाचंच विचारायचं आहे. मंगळवारी ऑफिसात एक बाई आली. जानकी नाव. देवगडकडची, नवरा दशरथ गिरणीत आहे. भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी राहतात. तिच्या वाडीतल्या सगळ्यांना जागेचे कागद मिळाले, हिला नाही. सरकारी कचेरीत सांगितलं, तुमचं छप्पर फोटोत नाही, म्हणजे घर नंतर बांधलेलं आहे. तिला कुणी आमचा पत्ता दिला कोण जाणे.

आमचे मार्तंडराव कामासाठी मुंबईत गेले होते. ते आमचे वरिष्ठ, तुला मागे लिहिलं होतं, तोंडाने फटकळ पण मनाने तसे नाहीत. तर बाई माझ्यासमोर येऊन उभी.

"माझा घर खंय आसा ता दाखवा," म्हणाली.

मी फोटो काढला. बोटाने तिला ओढा दाखवला, विहीर दाखवली, मारुतीचं देऊळ दाखवलं. ती फोटोवर वाकली आणि तिचा चेहराच बदलला. स्वतःची वाडी वरून बघायची! "ह्या सुगंधाचा घर," ती म्हणाली. "ह्यो आमचो ओढो." आणि मग बोट सरकत सरकत दोन काळ्या गोळ्यांवर येऊन थांबलं. "आणि हे आमचे फणस."

फणसच होते. दोन मोठे, एकमेकांत शिरलेले. त्यांच्याखाली तिचं घर.

"सावली पडता म्हणान थंय बांधला," ती म्हणाली. "पाच वर्सां रवतंय. आता त्या सावलीनच माझा घर खाल्ला काय?"

रेशनकार्ड आहे, पण त्यावर नुसतं भांडुप लिहिलंय. शेजारी साक्ष देतील, पण कचेरीत साक्ष नको, फोटो पाहिजे. आणि फणस असं झाड की हिवाळ्यातसुद्धा पान गाळत नाही.

ती गेल्यावर मी पुष्कळ वेळ बघितलं. मला काही दिसलं नाही. तू आसामात एवढ्या जंगलातून मापं काढतोस. झाडाखालचं कसं बघायचं रे? लवकर कळव. कचेरीने महिन्याची मुदत दिली आहे तिला.

अण्णा बरे आहेत. काल वर्तमानपत्रात तिकडच्या भूकंपाची दोन ओळींची बातमी होती. त्यांनी ते पान घडी करून उशीखाली ठेवलं. मला सकाळी अंथरूण काढताना सापडलं. मी परत तिथेच ठेवलं.

तू ठीक आहेस ना? तुम्ही सगळे?

तुझी,
जयू


घाटकोपर,
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय दादा,

या वेळी पहिलं वाक्य नेहमीचं लिहीत नाही.

तुझं पत्र आलं. तू लिहिलंस ते बरोबर निघालं. विमानाच्या एका फेरीत झाड एकीकडे कललेलं दिसतं, शेजारच्या फेरीच्या फोटोत तेच झाड दुसरीकडे कलतं, आणि बुंध्याकडचा भाग उघडा पडतो. मी मार्तंडरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या भावाला आमच्याकडे नोकरीला बोलवा, जयंतीबाई," आणि कपाटातून शेजारच्या फेरीचे फोटो काढून दिले.

तू शेवटी विचारलं होतंस, "कड जमिनीला चिकटलेली दिसते की वर उचललेली? तेवढं कळव, मी लगेच सांगतो." त्याचं उत्तर मी दिलं नाही. का दिलं नाही ते आता लिहिते.

परवा गुरुवारी सरकारी कचेरीतले साहेब स्वतः आले. जानकी आणि दशरथ दाराशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मार्तंडरावांनी नवीन दोन फोटो यंत्राखाली लावले आणि मला म्हणाले, "बसा. बघा आणि साहेबांना सांगा." ऑफिसात सगळ्यांत जुनी मीच ना.

मी बसले. उजव्या भिंगात फणस दिसले, आणि त्यांच्या बुंध्याशी एक फिकट सरळ रेघ. स्पष्ट दिसत होती. पण दादा, तुला ठाऊक आहे, एका फोटोतली रेघ म्हणजे काहीही असतं. ती कौलाची कड असेल. ती ओढ्याकडे जाणारी पायवाट असेल. उन्हातलं कुंपण असेल. ती वर आहे की खाली, एवढ्यावरच सगळं होतं. आणि मला सगळं सपाट दिसत होतं. डाव्या भिंगात मला नुसतं राखाडी दिसतं. धुतलेल्या पाटीसारखं.

साहेबांना घाई होती. "बाई, आहे की नाही?"

मी मान वर केली नाही. मला ठाऊक होतं की घर आहे. पाच वर्षं राहते म्हणून सांगणाऱ्या त्या बाईच्या तोंडाकडे पाहून कुणालाही कळलं असतं. "आहे" म्हणायला किती वेळ लागतो? म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण उद्या दुसऱ्या कुणाची रेघ येईल आणि ती खरंच पायवाट असेल, तेव्हा मी काय बघून सांगणार होते? आणि माझ्या अंदाजावर हिचं घर टिकवायचं, ते मग कुणी खोडून काढलं तर?

मी म्हटलं, "मला दिसत नाही."

मागे जानकीने केवढ्याने श्वास घेतला! मी घाईने उठले. म्हटलं, "तसं नाही. घर नाही असं मी म्हणत नाही. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. हे काम दोन डोळ्यांचं आहे. माणिकला बसवा."

मार्तंडराव माझ्याकडे बघत राहिले. माणिकचं तोंड पडलं, कारण चार महिने उंचीचं काम मी तिच्याकडे का दिलं होतं ते तिला तेव्हा उमगलं असावं. पण ती बसली. भिंगं सरकवली, फोटो जरा फिरवला. तिला वेळ लागला. साहेब घड्याळ बघत होते. मग ती हळूच बोलायला लागली.

"विहीर खाली आहे. पायवाट जमिनीवर आहे, इकडून जाते... ही रेघ वेगळी आहे. ही वर आहे. जयूताई, ही वर आहे गं! माणसाच्या डोक्याच्या वर! आणि इकडे कोपरा आहे. कौलाची कड आहे ही."

मार्तंडरावांनी पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, त्यांना आधी काही जमेना, मग एकदम "अरे!" म्हणाले. सगळे असंच म्हणतात पहिल्यांदा. त्यांनी कबूल केलं की फोटो काढला तेव्हा छप्पर होतं. बाकीचं माप जागेवर टेप लावून घ्या, म्हणाले.

जानकी माझ्याजवळ आली. मला वाटलं आभार मानेल. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डावा डोळा निरखला. "दिसता तर चांगलो," म्हणाली. "कदीपासून?"

भाद्रपदापासून, दादा. ताप आला होता ते तुला लिहिलं होतं. ताप उतरला आणि डोळ्यापुढे धुकं राहिलं. हलवला की दुखायचा. मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. डोळ्यामागची शीर सुजली होती, म्हणाले, कधीकधी परत येते दृष्टी. डिसेंबरात पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, आता येईलसं वाटत नाही. उजवा अगदी चांगला आहे. त्याची काळजी करू नकोस.

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आला असतास. आणि अण्णांनी दार उघडलं नसतं तर तुला जिन्यातून परत जाताना मी बघू शकले नसते. किंवा तू आलाच नसतास. या दोन्हींतल्या कशाची मला जास्त भीती वाटत होती ते माझं मलाच ठरवता येत नाही.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

जयू


घाटकोपर,
६ एप्रिल १९५८

प्रिय दादा,

हे पत्र घरी बसून लिहिते आहे. अण्णांच्या टेबलावर, अण्णांच्या दौतीतून. ते समोर आरामखुर्चीत बसले आहेत आणि वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करताहेत. कसं झालं ते सांगते.

आधी जानकीचं. मी आणि मार्तंडराव टेप घेऊन भांडुपला गेलो. फणसांखाली खरोखर गार होतं. घर लहानच, पण पागोळ्या भिंतीवर येऊ नयेत म्हणून दशरथने कौलं चांगली हातभर बाहेर काढली आहेत. फोटोत घराच्या भिंती दिसत नाहीत, दिसतं ते छप्पर, म्हणून ते हातभरही मोजलं. मी टेपचं एक टोक धरलं, जानकीने दुसरं. मोजून झाल्यावर म्हणाली, "फणस पण लिवा." मी म्हटलं, झाडं लिहायला जागा नाही गं कागदात. "मगे थंय सावली खंयची?" पलीकडचा माळ उघडा आहे. गेल्या आठवड्यात तिला जागेचा कागद मिळाला. शेजारच्या सुगंधाच्या लगतची जागा आहे. पेढे घेऊन आली होती. सोबत फणसाची दोन रोपंही होती पाटीत, रस्ता होण्याआधीच नव्या जागेत लावून टाकणार म्हणे.

माझं टेबल माणिकला दिलं. मला मार्तंडरावांनी जागेवरच्या मोजणीला लावलं, मुलुंडपासून पवईच्या बाजूपर्यंत. ऊन लागतं, पण लोक भेटतात. मी तक्रार करत नाही. फक्त कधी ऑफिसात आले आणि माणिक भिंगांवर वाकलेली दिसली की माझे पाय तिकडे वळतात. तिला ती घरं उठलेली दिसत असतात ना. मी तिला विचारते, "काय बघतेस?" आणि ती सगळं सांगते. देऊळ किती वर आलंय, नारळ कसे टोचल्यासारखे दिसतात. चांगली मुलगी आहे. कंटाळत नाही.

आता अण्णांचं.

पाडव्याच्या दिवशी मार्तंडराव घरी आले. श्रीखंड खाल्लं, गप्पा मारल्या आणि जाताना अण्णांना म्हणाले, "तुमच्या मुलीने त्या दिवशी जे केलं ते आम्हाला जमलं नसतं." अण्णांनी विचारलं, "काय केलं?" आणि सगळं निघालं.

मार्तंडराव गेल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर अण्णा स्वयंपाकघरात उभे. एक तळहात डाव्या डोळ्यावर घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात किटली. कपात चहा ओतायचा प्रयत्न चालला होता. पहिला सगळा ओट्यावर. दुसऱ्यांदा कपाच्या कडेवर. मी दारातच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, पण हात काढला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी किटलीचं तोंड आधी कपाला टेकवलं आणि मग ओतलं.

"असं टेकवायचं," म्हणाले. "मग सांडत नाही."

मी रडले, दादा. इतके महिने रडले नव्हते.

त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला. धोतराच्या सोग्याने ओटा पुसायला लागले. माझ्याकडे पाठ होती. म्हणाले, "श्यामला कळवलंस?"

तीन वर्षांनी तुझं नाव, दादा. मी म्हटलं, "हो."

"मग? येतो म्हणाला?"

मी म्हटलं, "मी ये असं लिहिलंच नाही."

खोटं नव्हतं ते. इतक्या पत्रांतून मी तुला शाल लिहिली, करंज्या लिहिल्या, झाडाखालचं कसं बघायचं ते विचारलं. ये एवढं मात्र लिहिलं नाही. तूही तुझ्या पत्रांतून विचारलं नाहीस, येऊ का म्हणून. दोघंही अण्णांचीच मुलं.

ते बराच वेळ ओटा पुसत राहिले. तेव्हापासून रोज काहीतरी विचारताहेत. पहिल्या दिवशी विचारलं, तिकडे भात खातात की पोळी. मी म्हटलं भात. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिचं नाव काय. मी सांगितलं, रेणू. "रेणुका?" म्हणाले. मी म्हटलं, नुसतं रेणू. "बरं," म्हणाले. आज सकाळपासून छपराचं चाललंय. तुमच्या जोरहाटला छप्पर कसलं असतं? कौलं की पत्रा? पाऊस एवढा पडतो तिकडे, तर उतार पुरेसा आहे ना? भूकंपात कौलं अंगावर पडतात, पत्रा बरा. भाड्याचं घर आहे की स्वतःचं? किती लांब, किती रुंद? चार माणसं आली तर झोपता येईल एवढं आहे का?

चार कोण, ते मी विचारलं नाही. तुम्ही दोघं आणि आम्ही दोघं असा हिशेब असावा. की इकडे तुम्ही आलात तर आपल्या या दोन खोल्यांत मावू का, तेच ते तिकडच्या घरावर ढकलून विचारत होते, सांगता येत नाही. त्यांना सरळ विचारता आलं असतं तर आपले हे दिवस असे गेले नसते.

आत्ता वर्तमानपत्राआडून म्हणाले, "लिहिलंस का छपराचं?"

मी म्हटलं, "लिहिते आहे."

तर दादा, तुझ्या छपराचं माप मला पत्रातून पाठवू नकोस. वहिनींना घेऊन ये आणि अण्णांना समोर बसून सांग. दार उघडेल. मी दारातच असेन. जिन्यातून चढताना मला हाक मार, म्हणजे तू किती पायऱ्यांवर आलास ते मला नीट कळेल.

ये.

जयू